लाल माती आणि जड धातू

शहरांतील मैल्याचा गाळ शेतात खत म्हणून घ्यावा की न घ्यावा, या वादात "लाल माती सर्व काही पचविते" असे एक मत वारंवार ऐकू येते. आमच्या मते लाल माती जड धातू काही काळ धरून ठेवते, पचवीत मात्र नाही. खडकांचा इतिहास यास साक्ष आहे.

जर्मनीत मान्सफेल्ड येथे सुमारे 1200 सालापासून 1990 पर्यंत तांब्याच्या खाणी चालल्या. तेथील तांबे एका पातळ काळ्या थरात सापडे व त्या थराखाली लाल वालुकाश्म आहे. ही वाळू 25 कोटी वर्षांहूनही पूर्वी साचली. तिच्यातील खनिजे हवापाण्याने झिजली आणि लोह गंजून कणांवर तांबडे पुट चढले. तांबे, शिसे, जस्त हे धातू आरंभी त्या गंजास चिकटले. पुढे गंजाचे स्फटिक बनू लागताच ते सुटले, खारट पाण्याबरोबर वर गेले आणि काळ्या थरातील सेंद्रिय द्रव्य व गंधक भेटताच तेथे स्थिरावले, असे भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. धातू नष्ट झाले नाहीत. केवळ त्यांचा फेरफार झाला.

हाच प्रकार गंगेच्या मुखाकडील गाळात मनुष्याच्या जिवावर बेतला. तेथे लोहाच्या गंजास सोमल चिकटलेला होता. खोल थरात हवा नाही व सेंद्रिय द्रव्य कुजते, त्यामुळे गंज विरघळला आणि सोमल कूपनलिकांच्या पाण्यात उतरला. पश्चिम बंगालमध्ये त्याचे रोगी 1983 साली प्रथम ओळखले गेले.

आपल्या कोकणातील जांभ्याची माती निराळ्या रीतीने बनली, तरी तिचा रंग लोहाच्या गंजाचाच आहे. भातखाचरात पाणी तुंबले की गंज विरघळून त्यास चिकटलेला सोमल मोकळा होतो. खाचर सुकविले की उलट कॅडमियम पिकात अधिक शिरते. म्हणजे एकापासून वाचविणारा उपाय दुसऱ्यास वाट करून देतो.

खताची महागाई आम्ही जाणतो. तथापि गाळ फुकट मिळतो एवढ्यावर तो घेऊ नये. देणाऱ्याकडून धातूंच्या तपासणीचा दाखला मागावा, आपली मातीही तपासून घ्यावी आणि शेतात पडलेल्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवावी. कर्जाचा बोजा फेड करून उताऱ्यावरून कमी करता येतो. जमिनीत शिरलेल्या धातूचा बोजा मात्र वारसांच्या माथी राहतो.