अनपेक्षित कोणाला?

बीड जिल्ह्यातल्या खेळाडूने काही मोठे करून दाखवले की दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रांत ज्या धर्तीचे मथळे येतात, त्यांचे व्याकरण एकदा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तपासून पाहावे. वाक्याचा कर्ता बहुधा माती असते, नाहीतर दुष्काळ असतो, नाहीतर आईबापांचे कष्ट असतात. खेळाडू स्वतः त्या वाक्यात 'घडलेला', 'उगवलेला', 'चमकलेला' अशा विशेषणाच्या रूपाने कडेला उभा असतो. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक शब्द हमखास भेटतो : अनपेक्षित. आमचे भांडण या शब्दाशी आहे. अनपेक्षित म्हणजे कोणाला अनपेक्षित? ज्याने अपेक्षा केली होती आणि ती चुकली त्याला, की ज्याने मुळात कधी अपेक्षाच केली नाही त्याला?

अविनाश साबळेचे उदाहरण घेऊ. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा धावपटू २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा आला. सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने. १९९८ पासून २०१८ पर्यंत सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडे गेली होती, त्यामुळे 'चमत्कार' हा शब्द सर्वत्र झळकला. पण हिशेब ठेवणाऱ्याला यात चमत्कार कुठे दिसावा? गोपाल सैनीचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम साबळेने २०१८ साली भुवनेश्वरला मोडला होता. सदतीस वर्षे टिकलेला विक्रम. त्यानंतरच्या चार वर्षांत तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा खाली आणत होता. हे आकडे गुप्त नव्हते. ज्याने ते ओळीने मांडले असते त्याला बर्मिंगहॅमच्या आधी महिनाभर पदकाची शक्यता लिहून ठेवता आली असती. मराठीत ती फारशी कोणी लिहिली नाही, कारण शक्यता लिहिण्याची आपल्याकडे रीतच नाही. आपण निकाल लिहितो, आणि निकालानंतर आश्चर्य लिहितो.

आता एक दूरचा दाखला देतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये 'मिड-मेजर' असा एक शब्द १९७७ पासून रूढ आहे. बड्या, श्रीमंत विद्यापीठांच्या संघसमूहांच्या खालच्या पायरीवर जे समूह खेळतात त्यांना उद्देशून तो वापरतात. आपल्या शब्दांत सांगायचे तर ही मधली फळी. या मधल्या फळीतल्या प्रत्येक समूहाचे हंगामपूर्व अंदाज दर शरद ऋतूत प्रसिद्ध होतात. प्रशिक्षक मते देतात (स्वतःच्या संघाला मत द्यायचे नाही, असा बहुतेक ठिकाणी नियम), स्थानिक वार्ताहर मते देतात, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या संघांची उतरंड छापली जाते. सोबत कारणे असतात : गेल्या वर्षीचे कोण पदवी घेऊन गेले, कोण दुसऱ्या विद्यापीठात गेले, कोणाचा गुडघा दुखावला आहे, नवा प्रशिक्षक बचावावर भर देतो की वेगावर. शेवटच्या क्रमांकावर टाकलेल्या संघाबद्दलही चार ओळी असतात, आणि त्या बहुधा दयेच्या नसतात.

हे अंदाज चुकतात का? सपाटून चुकतात. फेअरली डिकिन्सन नावाचे न्यू जर्सीतले विद्यापीठ २०२१-२२ च्या हंगामात २६ पैकी २२ सामने हरले. पुढच्या हंगामात राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जागा मिळाली तीही अशी, की त्यांच्या समूहाची अंतिम स्पर्धा जिंकणारा मेरिमॅकचा संघ वरच्या श्रेणीत नुकताच आलेला असल्याने नियमानुसार अपात्र होता. त्या संघाने १७ मार्च २०२३ रोजी पर्ड्यूसारख्या अग्रमानांकित संघाला ६३-५८ असे हरवले. पर्ड्यूचा मध्यवर्ती खेळाडू सात फूट चार इंच उंच, आणि समोरचा संघ त्या संपूर्ण श्रेणीतला सर्वांत बुटका! भाकीत करणाऱ्यांची फजिती झाली. पण लक्षात घ्या, त्यांना कारणांसह चुकता आले. बुटका संघ संपूर्ण मैदानभर दबाव आणून खेळला तर उंचीचा फायदा किती उरतो, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी नव्याने विचारता आला, कारण आदल्या दिवशीचे उत्तर कागदावर होते. आश्चर्यालाही पाया लागतो. तो त्यांच्याकडे होता.

आणि आमच्याकडे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अखत्यारीत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे येतात. दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन सामने होतात, त्यातून विद्यापीठाचे संघ निवडले जातात आणि ते पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, कुस्ती, मैदानी खेळ. खेळांच्या नकाशावर हीसुद्धा मधली फळीच. अंबाजोगाईचा संघ यंदा परळीपेक्षा सरस का ठरेल, बलभीम महाविद्यालयाचे गेल्या वर्षीचे चढाईपटू यंदा आहेत की पदवी घेऊन गेले, आष्टी-कड्याकडची मुले लांब पल्ल्याच्या शर्यतींत का दिसतात, यावर हंगामाआधी लिहिलेला एक परिच्छेद कोणी दाखवावा. हंगामानंतर एका रकान्याची बातमी येते. तीत विजेत्या संघाचे नाव, मग संस्थाध्यक्ष, सचिव, प्राचार्य यांची नावे, आणि जागा उरलीच तर खेळाडूंची. महाविद्यालयांच्या वार्षिक नियतकालिकांतला 'क्रीडा अहवाल' याहून वेगळा नसतो, आणि या नियतकालिकांचे संपादन बहुतेक ठिकाणी मराठी विभाग करतो, ही गोष्ट या जागेच्या वाचकांना सांगायला नको. मूल्यांकनाच्या तक्त्यातही पदकांची संख्या भरायची असते. उपांत्य सामन्यात एका गुणाने हरलेल्या संघासाठी त्यात रकाना नाही.

भाकिताची हौस मराठी माणसाला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पिके, राजा, परचक्र या सगळ्यांचे भाकीत वर्तवले जाते. झाडून सारी माध्यमे ते छापतात. दिवाळी अंकांत वार्षिक राशिभविष्य असते, आणि तिथे संपादक किती न्यायी असतात पाहा. बाराही राशींना सारखी जागा! मीन शेवटची म्हणून कोणी तिला दोन ओळींत गुंडाळत नाही. (बीडच्या रेल्वेबद्दल तर आम्ही इतकी भाकिते वाचली की त्यांचा स्वतंत्र संग्रह निघावा. १९९५ साली मंजूर झालेली रेल्वे २०२५ च्या १७ सप्टेंबरला बीडला पोहोचली. मधल्या तीस वर्षांत भाकीत चुकल्याबद्दल कोणी कारण दिल्याचे स्मरत नाही.) तेव्हा उणीव भाकितांची नसून कारणे देणाऱ्या भाकितांची आहे. ग्रह आणि घट यांना कारण विचारता येत नाही. चढाईपटूच्या गेल्या दहा सामन्यांना विचारता येते.

हा प्रकार परका आहे, अमेरिकेतून आणून इथे चिकटवण्याचा हा खटाटोप आहे, असा आक्षेप येईल. देशीपणाची ग्वाही ज्यांना हवी त्यांनी जत्रेतल्या फडाकडे पाहावे. तिथे कुस्ती होण्याआधी 'जोड लावली' जाते. पंच दोन पोरांना शेजारी उभे करतात, अंगलट पाहतात, कोणत्या तालमीचा, कोणाच्या हाताखालचा, गेल्या जत्रेत कोणाशी कसा लढला हे आठवतात, आणि ठरवतात की हे दोघे तोडीस तोड आहेत. जोड लावणे हे हंगामपूर्व भाकीतच आहे, आणि तेही जोखमीचे. जोड चुकली, कुस्ती क्षणात चितपट झाली, तर हजार माणसे पंचांना तिथल्या तिथे बोल लावतात. परंपरा होती आणि आहे. फक्त ती तोंडी राहिली. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ साली गोल्ड कोस्टला ५७ किलो गटात सुवर्णपदक घेऊन आला तेव्हा शहरातल्या लेखण्यांना तो नवा वाटला असेल. फडांभोवती बसणाऱ्या जाणत्यांना नव्हता. त्या जाणत्यांचे ज्ञान लिखित मराठीत कधी आले नाही, कारण लिखित मराठी ज्यांच्या हाती आहे त्यांना ते ज्ञान वाटले नाही.

इथे प्रश्न खेळापुरता उरत नाही. हंगामपूर्व अंदाज हा आमच्या मते समीक्षेचाच एक प्रकार आहे, आणि प्रामाणिकपणाच्या कसोटीवर आपल्या रूढ समीक्षेपेक्षा सरस. पहिल्या कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर आपण लिहितो : 'आश्वासक'. परीक्षणाच्या शेवटी लिहितो : 'पुढील लेखनाविषयी अपेक्षा वाढवणारा'. ही भाकितेच आहेत. पण त्यांना तारीख नाही, क्रमांक नाही, पडताळणी नाही. तो कवी पुढे लिहिता राहिला तर आपण द्रष्टे, आणि गप्प झाला तर कोणी विचारायला येत नाही. महाविद्यालयीन बास्केटबॉलवर लिहिणारा तिकडचा एखादा सामान्य वार्ताहर ऑक्टोबरात जे छापतो त्याचा जाब त्याला मार्चमध्ये द्यावा लागतो. मराठी समीक्षकाला असा मार्च कधी येतच नाही. आणि मधल्या फळीबद्दल तर बोलायलाच नको. आपल्याकडे एकतर युगप्रवर्तक असतात, नाहीतर नवोदित. चांगल्या पाच कादंबऱ्या लिहून शांतपणे वावरणाऱ्या लेखकाचे नेमके स्थान सांगण्याची भाषाच आपण घडवलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अठरा-वीस वर्षांच्या पोरांवर अपेक्षांचे ओझे कशाला? शिवाय अंदाज आले की सट्टा येतो. सट्ट्याचे खरे आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांनी गावागावांत काय केले ते आपण पाहिले आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला त्यावर कायद्याने बंदी आणावी लागली. पण सट्टेबाजाला अंदाजाची गरज असते, अंदाजाला सट्टेबाजाची नसते. आणि ओझ्याचे म्हणाल तर, ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याचे ओझे कोणी मोजले आहे का? बीडचा सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बेनोनीला खेळायला उतरला तेव्हा २४५ चा पाठलाग करताना भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले होते. त्याने ९६ धावा केल्या आणि भारत अंतिम फेरीत गेला. त्याच्यावर अपेक्षांचे ओझे होते म्हणूनच तो त्या जागी होता. कोणीतरी आधी त्याला जोखून संघात घेतले होते. ज्यांना कोणी जोखलेच नाही, त्यांचे काय?

खरे तर या जिल्ह्यातल्या तरुण शरीरांना जोखणारा एक माणूस आहे, आणि तो अत्यंत काटेकोर आहे. तो म्हणजे मुकादम. 'हंगाम' हा शब्द आमच्याकडे उच्चारला की पहिला अर्थ ऊसगाळपाचा निघतो. हा हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मुकादम गावोगाव फिरतो. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला किती ऊस तोडेल, गडी उसाच्या मोळीचे ओझे घेऊन फळीवरून ट्रकवर चढेल का, गेल्या साली मधूनच पळून आला होता का, बाई आजारी असते का, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. त्या अंदाजावर तो उचल देतो. म्हणजे अंदाजामागे पैसा लावतो, आणि चुकला तर वसुलीही करतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. विद्यापीठाचे सामने साधारण याच काळात भरात असतात. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर नाव असलेला एखादा चपळ मुलगा त्या वेळी आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडात उभा असतो. कबड्डीच्या संघाला त्याची किंमत कळलेली नसते, कारण त्याच्या खेळाची कुठे नोंदच नव्हती. मुकादमाला ती रुपयांत कळलेली असते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की चारही जिल्ह्यांतल्या मराठी विभागांनी हंगामपूर्व अंदाज लिहायला घ्यावेत. क्रीडाशिक्षकांकडून आकडे घ्यावेत, लेखन विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. एम.ए.च्या वर्गात आस्वादाचे निबंध लिहून लिहून ज्यांची वाक्ये शिळी झाली आहेत त्यांना एकदा 'हा संघ पाचवा येईल, कारण' असे वाक्य पुरे करायला सांगावे. त्या 'कारण'पाशी विशेषणे गळून पडतात. खेळाडूंची नावे पूर्ण लिहावीत, गाव लिहावे, आणि गेल्या वर्षी खेळलेली मुलगी यंदा संघात नसेल तर ती का नाही हेही लिहावे. लग्न झाले, फडावर गेली, एस.टी.ची वेळ जमेना, जे असेल ते. पराभूत होतील असे वाटणाऱ्या संघांबद्दल तितकेच सविस्तर लिहावे. मार्चमध्ये तोच अंक पुन्हा काढून चुका मोजाव्यात आणि त्याही छापाव्यात.

सुरुवात खो-खोपासून करणे सोयीचे जाईल. त्यात प्रत्येक गडी किती मिनिटे-सेकंद टिकला याची नोंद पंचांच्या गुणपत्रकात आधीपासूनच असते, फक्त सामना संपला की ते पत्रक कपाटात जाते. गेल्या तीन वर्षांची पत्रके मागून घेतली तर जुलैअखेर पहिली उतरंड तयार होऊ शकेल.