कात्रीत सापडलेला सायबॉर्ग

आज जरा वेगळा विषय घेतो. सुपरमॅन, बॅटमॅन असल्या पोराटोरांच्या गोष्टींत चाळिशी ओलांडलेल्या माणसाने काय म्हणून रमावे, असे कोणी विचारील. खुशाल विचारावे. मी रमतो. आणि ज्या चित्रपटासाठी तीन वर्षे चार महिने वाट पाहिली तो पदरात पडल्यावर जे वाटले, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

चित्रपट म्हणजे 'जस्टिस लीग'. या नावाचा महानायकांचा संघ अमेरिकेतील चित्रकथांत १९६० साली अवतरला. पडद्यावर यायला मात्र त्याला अर्धे शतक पुरले नाही. मध्यंतरी जॉर्ज मिलर या दिग्दर्शकाने तयारी केली, नटसुद्धा निवडले. पण २००८ साली सारे बासनात गेले. तिकडे २०१२ मध्ये मार्व्हलवाल्यांचा 'ॲव्हेंजर्स' येऊन गाजला आणि आम्ही दुसऱ्या बाजूचे चाहते हात चोळत बसलो.

अखेर १७ नोव्हेंबर २०१७ रोजी 'जस्टिस लीग' आला. पहिल्याच दृश्यात सुपरमॅनचा वरचा ओठ पाहून मन खट्टू झाले. हेन्री कॅव्हिल या नटाने दुसऱ्या चित्रपटाच्या करारापायी मिशा राखल्या होत्या, त्या म्हणे संगणकावर पुसल्या होत्या! मिशांचे एक वेळ सोडून द्या. अख्खा चित्रपटच असा पुसून पुसून बनविल्यासारखा वाटत होता. दोन तासांत सहा महानायक कुठून आले, कशासाठी एकत्र झाले, कशाचाच नीट पत्ता लागेना.

त्यामागचे कारण दुःखद होते. मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडर यांच्या वीस वर्षांच्या मुलीने मार्च २०१७ मध्ये आत्महत्या केली. मे महिन्यात त्यांनी काम सोडले. कंपनीने चित्रपट जॉस व्हेडन यांच्याकडे सोपविला. त्यांनी पटकथेत फेरफार केले, बरीच दृश्ये नव्याने चित्रित केली आणि जुन्यावर कात्री चालविली.

मग जगभरच्या चाहत्यांनी मागणी धरली, की स्नायडर यांचा मूळ चित्रपट दाखवा. आम्हाला लोक हसले. जी वस्तू अस्तित्वात आहे की नाही हे ठाऊक नाही, तिच्यासाठी कसली ओरड करता, असे म्हणत. पण याच चाहत्यांनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेकरिता निधी गोळा केला आणि तो पाच लाख डॉलरच्या पुढे गेला. ही गोष्ट मला चित्रपटापेक्षा मोठी वाटते. दुसरी बाजूही लपवू नये. या गर्दीत शिवीगाळ करणारे पुष्कळ होते. शिवाय मोहिमेतील किमान १३ टक्के खाती बनावट असल्याचे कंपनीने करविलेल्या पाहणीत आढळले, असे 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने २०२२ साली छापले. आपण ज्यांच्यासोबत घोषणा देत होतो त्यांतले काही जण मुळात माणसेच नव्हती, हे वाचून ओशाळल्यासारखे झाले.

असो. मे २०२० मध्ये कंपनी नमली, सुमारे सात कोटी डॉलरचा वाढीव खर्च झाला आणि १८ मार्च २०२१ रोजी मूळ चित्रपट घरबसल्या पाहता आला. भारतातही त्याच दिवशी. लांबी २४२ मिनिटे. सहा भाग आणि उपसंहार. मी दोन रात्रींत पाहिला. दुसऱ्या रात्री झोप लागली नाही, ती सुपरमॅनमुळे नव्हे, व्हिक्टर स्टोनमुळे.

हा व्हिक्टर म्हणजेच सायबॉर्ग, सहाजणांतला एकटा कृष्णवर्णीय. हे पात्र मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी १९८० साली निर्माण केले. २०१७ च्या चित्रपटात तो अर्धे अंग लोखंडाचे असलेला, सदा घुम्या, आणि संघाला यंत्राची कामे करून देणारा गडी एवढाच होता. का घुम्या, कशाने लोखंडाचा झाला, याचा जेमतेम उल्लेख. मूळ चित्रपटात तो कोणाचा तरी मुलगा आहे. तिसऱ्या भागाचे नावच 'प्रिय माता, प्रिय पुत्र' अशा अर्थाचे आहे.

व्हिक्टर विद्यापीठात शिकतो, फुटबॉलच्या मैदानावर नाव काढतो. एका अडचणीतल्या मित्रासाठी त्याने संगणकात शिरून गुण बदललेले असतात आणि त्याची आई विद्यापीठाच्या अधिकाऱ्यापुढे बसून त्याची बाजू मांडते. सामन्याला आई येते, शास्त्रज्ञ बाप कामातून वेळ काढत नाही. त्याच रात्री परतताना मोटारीला अपघात होतो, आई जाते आणि मुलाचे अर्धे शरीर. बाप त्याला यंत्राच्या साहाय्याने जगवितो. पण मुलगा बापाचे तोंड पाहावयास तयार नाही. बापाने आपले म्हणणे टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवले आहे, ते अर्ध्यावर ऐकून तो यंत्रच मुठीत चिरडतो.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो. जगातील कुठल्याही यंत्रात शिरण्याची शक्ती व्हिक्टरला मिळालेली आहे. अण्वस्त्रेसुद्धा त्याच्या मुठीत. ही शक्ती वापरून तो काय करतो? हॉटेलात राबणारी, पोरांना सांभाळणारी एक बाई बँकेच्या यंत्रापुढे उभी असते, खात्यात जवळजवळ काही नसते. हा तिच्या खात्यात पैसे जमा करतो. हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या नजरेने हा सरळसरळ अपहार आहे, कुठलाही तपासनीस लाल शाई फिरवील. तरी माझे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या चित्रपटात गरिबाच्या पासबुकाकडे पाहणारा महानायक हा एकच.

हे सारे पहिल्या खेपेस कापले होते. आईची भूमिका करणाऱ्या कॅरेन ब्रायसन यांचे काम पूर्ण गेले. कियर्सी क्लेमन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचे गेले, झेंग काय या चिनी नटाचेही गेले. वेळ कमी होता हे खरे, दोन तासांत बसवायचे होते हेही खरे. पण कात्री नेमकी कुठे कुठे फिरली, ते वाचकांनी पाहावे.

सायबॉर्ग झालेला रे फिशर हा रंगभूमीवरून आलेला नट. २०१३ साली न्यूयॉर्कला त्याने नाटकात मुहम्मद अलींची भूमिका केली होती. १ जुलै २०२० रोजी त्याने जाहीरपणे सांगितले, की व्हेडन यांची सेटवरची वागणूक अपमानास्पद होती आणि वरिष्ठांनी त्यांना पाठीशी घातले. पुढे त्याने वर्णभेदाचाही आरोप केला. कंपनीने चौकशी केली, डिसेंबर २०२० मध्ये 'योग्य ती उपाययोजना केली' एवढेच कळविले. कोणावर, काय, याचा खुलासा नाही. कचेरीत नोकरी केलेल्यांना अशी भाषा परिचयाची आहे. व्हेडन यांनी आरोप नाकारले. व्हिक्टरचे कथानक तर्काला धरून नव्हते आणि नटाचा अभिनय वाईट होता म्हणून कापले, असे त्यांनी २०२२ साली एका मुलाखतीत सांगितले. आता दोन्ही चित्रपट उपलब्ध आहेत. ज्याने त्याने पाहून ठरवावे. मी ठरविले आहे.

दोष नाहीत असे नाही. दर दहा मिनिटांनी सारे काही संथ गतीने पडते, धावते, उडते. तेवढे नेहमीच्या वेगाने दाखविले असते तरी बराच वेळ वाचला असता. उपसंहार तर पुढच्या चित्रपटाची उधारी आहे. ती फिटणार नाही, कारण २०२२ अखेर कंपनीने कारभार नव्या माणसांकडे दिला आणि २०२५ मध्ये सुपरमॅनही नव्या नटासह नव्याने आला. फिशरला पुन्हा सायबॉर्ग होता आले नाही. २०२३ च्या 'द फ्लॅश'मध्ये ते पात्रच नव्हते.

शेवटच्या लढाईत व्हिक्टर त्या विनाशकारी यंत्राच्या आत शिरतो. तिथे त्याला आई दिसते, बाप दिसतो, धडधाकट असा जुना व्हिक्टर दिसतो. आमच्यात ये, पुन्हा पूर्वीसारखा हो, असे आमिष असते. तोपर्यंत त्याचा बाप त्याच्या डोळ्यांदेखत जळून गेलेला आहे, जगाला वाचविण्यासाठीच. तरी पोरगा नकार देतो. पुढे तो चिरडलेला टेपरेकॉर्डर स्वतः जुळवून बापाचे राहिलेले बोलणे ऐकतो.

कुटुंबासह पाहणाऱ्यांना एक सूचना. यात रक्तपात आणि शिव्या आहेत, म्हणून लहान मुलांना समोर बसवू नये. मोठ्यांनी सवडीने पाहावा. चार तास जमत नसतील, तर तिसरा भाग तेवढा पाहावा.