कंपनीनेच दोष कबूल केलेला चर्चिल रणगाडा युद्धात टिकला कसा?

युक्रेनमधले ड्रोनचे व्हिडिओ तुमच्याही फीडवर येत असतील. काही हजार रुपयांचा ड्रोन, कोट्यवधींचा रणगाडा आणि एक स्फोट. खाली कमेंट ठरलेली, ‘रणगाड्याचा जमाना संपला.’

असा निकाल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या चर्चिल रणगाड्यावरही लागत आला होता.

चर्चिल हा ‘इन्फंट्री टँक’. म्हणजे पायी चालणाऱ्या सैनिकांच्या सोबतीने पुढे जाणारा. त्यामुळे चिलखत जाड आणि वेग ताशी जेमतेम २५ किलोमीटर.

१९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटनचे बरेचसे रणगाडे फ्रान्समध्येच राहिले. जर्मनी कधीही चाल करून येईल अशी भीती होती. व्हॉक्सहॉल या मोटार कंपनीला सांगितलं गेलं, वर्षभरात नवा रणगाडा हवा. जून १९४१ मध्ये तो तयारही झाला, पण चाचण्या नीट न होताच. कंपनीने माहितीपुस्तिकेसोबत चक्क एक पत्रक जोडलं. गाडीत दोष आहेत, आम्हाला ते माहीत आहेत आणि आम्ही ते दुरुस्त करू, असा त्याचा मथितार्थ. आज कुठली कंपनी असं लिहून देईल?

१९ ऑगस्ट १९४२. फ्रान्समधल्या दिएप बंदरावर कॅनडाच्या तुकडीने २९ चर्चिल उतरवले. दोन पाण्यातच बुडाले. किनाऱ्यावर वाळू नव्हती, गोटे होते. ते पट्ट्यांमध्ये अडकले. साधारण निम्मेच भिंत ओलांडून वर पोहोचले, तर पुढे शहरात शिरणारे रस्ते काँक्रीटने बंद. ते अडथळे सुरुंगाने उडवायला आलेले इंजिनिअर सैनिक उघड्यावर मारले गेले. एकही रणगाडा परत आला नाही.

चर्चिलचं उत्पादन थांबवायचं जवळपास ठरलं होतं. पण एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियातल्या लाँगस्टॉप हिलवर नॉर्थ आयरिश हॉर्सचे चर्चिल पायदळाबरोबर खडा डोंगर चढून गेले. इथे रणगाडा येईल असं जर्मनांच्या ध्यानीमनी नव्हतं. जो संथपणा दोष म्हणून मोजला जात होता, त्याच यंत्रणेत चढण्याची ताकद होती.

दिएपचा धडाही वाया गेला नाही. इंजिनिअर सैनिकांना थेट चर्चिलच्या पोटात बसवलं गेलं. हा ‘एव्हीआरई’ प्रकार २९० मिलिमीटरच्या तोफेने काँक्रीट फोडायचा. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तो होता. आग ओकणारा ‘क्रोकोडाइल’ही चर्चिलचाच अवतार.

तोफेच्या बाबतीत मात्र तो जर्मन टायगर-पँथरपुढे कायम कमीच पडला. तरीही सात हजारांहून जास्त चर्चिल बनले. माझ्या मते, दिएपला रणगाड्यापेक्षा जास्त चूक योजनेची होती.

१५२ मिलिमीटर चिलखताचा चर्चिल मार्क ७ बघायला लंडन गाठायची गरज नाही. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये तो उभा आहे.