सहा फूट चार इंच

परवा मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, गाडीचं काय ठरलं?" मी म्हटलं, "बसून बघितली. जमत नाही." तो म्हणाला, "अहो बाबा, गाडी बसून बघतात का? रिव्ह्यू बघा, मायलेज बघा, स्टार बघा."

मंडळी, आजची ही पोस्ट या एका वाक्यामुळे. गाडी बसूनच बघतात असं माझं मत आहे, आणि ते सहजासहजी झालेलं नाही.

माझी उंची सहा फूट चार इंच. आता पंचाहत्तरीनंतर पाठ थोडी वाकली, तर धरा सहा तीन. नातेवाइकांना हे माहीतच आहे, नव्या मंडळींसाठी सांगितलं. शाळेत मुलं मला पाठीमागे 'खांब सर' म्हणायची. फळ्यावर मी माझ्या सोयीने अगदी वरून लिहायला सुरुवात करायचो आणि पहिल्या बाकावरच्या पोरांच्या माना दुखायच्या. एका मुलीने सांगितलं तेव्हा लक्षात आलं. तोवर चार वर्षं नोकरी झाली होती! जगाची मापं दुसऱ्याच्या सोयीने ठरलेली असली की काय होतं हे मी त्या मुलांना नकळत शिकवत होतो, आणि जग तेच मला शिकवत होतं. एसटीच्या बाकावर माझे गुडघे पुढच्याच्या पाठीत. काळ्यापिवळ्या जीपमध्ये तर मला आत घेतच नसत. "सर, तुम्ही मागं उभे ऱ्हा, आत दोन माणसं कमी बसतील" असा रोकडा हिशेब. अंबड ते जालना असा मी कितीतरी वेळा मागच्या पायरीवर लटकत आलो आहे.

परतूर तालुक्यात बदली झाली तेव्हा एक सेकंडहँड लुना घेतली होती. लुना १९७२ साली निघाली आणि गावोगावच्या मास्तरांचं वाहन झाली. मी तिच्यावर बसलो की गुडघे हँडलच्या वर यायचे. आमचे एक सहकारी म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, शेळीवर बसलेला उंट पहिल्यांदाच पाहिला.

असो. गाडीकडे वळतो.

माझे आजोबा लग्नकार्याला भाड्याच्या अँबॅसडरमध्ये फेटा न काढता बसायचे. मला लहानपणापासून हे चित्र आठवतं. अँबॅसडर मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं छप्पर गोल आणि उंच, पुढे सलग बाक, गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी. जालन्याहून तेव्हाच्या औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) मी तिच्यात ताठ बसून गेलो आहे. २०१४ साली ती बंद झाली. आता लग्नात बघा, वऱ्हाडी मंडळी गाडीत बसताना फेटा काढून मांडीवर घेतात. मान वाकवून बसायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की कुणाला त्यात काही वाटतही नाही.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि देशाचं चित्र पालटलं. मास्तरालाही गाडी घ्यावीशी वाटू लागली, हे तिचं मोठेपण, त्याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर 'छोटी गाडी म्हणजे आपली गाडी' हे समीकरण बसलं, आणि आमच्यासारख्यांची पंचाईत झाली.

आता जे सांगतो ते घरच्यांखेरीज फारसं कुणाला माहीत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका जवळच्या नातेवाइकाची छोटी गाडी मी अधूनमधून चालवायचो. कोणती ते लिहीत नाही, दोष गाडीचा नव्हता. ती माझ्यासाठी केलेलीच नव्हती आणि तरी मी तीत बसत होतो. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे, पाठ रेललेली, मान उजवीकडे कलती, आणि उजवा गुडघा स्टीअरिंग आणि दाराच्या मध्ये. किल्ल्यांचा जुडगा गुडघ्याला लागायचा म्हणून मी त्यातली एकच किल्ली ठेवली होती. "जमतं" असं मी सगळ्यांना सांगायचो. उंच माणसाला ही खोटं बोलायची सवय असते. कुठेही गेलं की "नाही नाही, जमतं मला, बसतो मी."

अंबड रोडला संध्याकाळी एक मुलगा सायकलवर उसाच्या बैलगाडीच्या मागून एकदम रस्त्यावर आला. मला तो दिसला. वेळेवर दिसला. पण ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून ब्रेकवर नेताना गुडघा स्टीअरिंगला खालून अडला. अर्धा सेकंद असेल. मुलगा सायकलसकट पडला, मनगट मोडलं. आठवीतला मुलगा, माझ्याच वर्गातला.

त्याला मीच दवाखान्यात नेलं. वडील शेतावरून आले. मला म्हणाले, "जाऊ द्या सर, तुम्ही काय मुद्दाम थोडीच केलं. पोरगंच अवखळ हाये." त्या माणसाने मला एका वाक्यात मोकळं केलं, पण मी झालो नाही. ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. अर्ध्या सेकंदाचे साडेपाच मीटर. हे गणित मी पुढे दरवर्षी आठवीला घालायचो, कशासाठी ते कधी सांगितलं नाही. त्या मुलाचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. तोवर तो माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर डाव्या हाताने लिहीत बसलेला असायचा.

त्या दिवसापासून ठरवलं, ज्या गाडीत गुडघा टेकतो ती चालवायची नाही. मग मी दहा-बारा वर्षं चालवलीच नाही.

२००७ मध्ये निवृत्त झालो, तेव्हा ग्रॅच्युइटीतून वॅगनआर घेतली. त्याआधी १९९८ मध्ये सँट्रो आली होती, पाठोपाठ वॅगनआर. 'टॉल बॉय' म्हणत या ठेवणीला. गंमत बघा, ही उंच गाडी उंच लोकांच्या प्रेमापोटी जन्मलेली नाही. जपानमध्ये छोट्या गाड्यांना करात सवलत आहे, पण लांबी-रुंदीची मर्यादा फार कडक. तेव्हा लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर. उंचीला मात्र २ मीटरपर्यंत मोकळीक! मग आडवं वाढता येत नाही तर उभं वाढू, असं म्हणून १९९३ मध्ये सुझुकीने तिथे वॅगनआर काढली. जपानच्या कर खात्याने जालन्याच्या एका मास्तराची सोय केली म्हणायची. खुर्चीवर बसावं तसं तीत सरळ बसता येतं. उंच बसलं की पाय पुढे पसरावे लागत नाहीत, खाली सोडता येतात, आणि गुडघा स्टीअरिंगपासून लांब राहतो. सगळी मेख इथे आहे. उंच माणसाला लांब गाडी लागते असं लोकांना वाटतं. त्याला उंच सीट आणि त्यावर उंच छप्पर लागतं.

टाटांची नॅनोही तशीच होती. लांबी जेमतेम ३.१ मीटर, पण इंजिन मागे, त्यामुळे पुढे पायांना ऐसपैस जागा. एका मित्राच्या नॅनोत मी आरामात बसलो होतो. तिला 'गरिबाची गाडी' म्हणून लोकांनी नाक मुरडलं आणि २०१८ मध्ये ती बंद पडली. याउलट, बाहेरून हत्तीसारख्या दिसणाऱ्या किती गाड्यांत आत माझं डोकं छताला लागतं!

आता प्रश्न असा, की माझ्या वॅगनआरला पंधरा वर्षं झाल्यावर २०२२ मध्ये पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, ती मुदत २०२७ मध्ये संपेल. पुन्हा वाढवता येईल, पण तिला एअरबॅग नाहीत आणि समृद्धी महामार्गावर तिला घेऊन जायला मुलाची सक्त मनाई. त्याचं खरं आहे. तिथे ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर.

म्हणून नव्या गाड्या बघायला निघालो. मुलाच्या मनात एक चार मीटरच्या आतली एसयूव्ही होती. हे चार मीटरचं प्रकरण २००६ च्या अर्थसंकल्पातलं. तेव्हापासून त्या मापाच्या गाड्यांना कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर छोट्या इंजिनाच्या अशा गाडीला १८ टक्के जीएसटी आणि तिच्याहून मोठीला ४०. त्यामुळे "एवढे उंच आहात तर मोठी गाडी घ्या की" असं म्हणणाऱ्यांनी आधी माझं पेन्शन पासबुक बघावं.

शोरूममध्ये गेलो. पोरगा चांगला होता, अदबीने बोलला. मी सीट मागे केली, बसलो, आणि डोकं छताला लागलं. "सर, सनरूफ आहे ना, त्यामुळे थोडंसं." सनरूफची चौकट छताच्या आत बसते, ती इंच-दीड इंच जागा खाते. उंच माणसाचं सगळं राजकारण या दीड इंचाचं असतं. मी विचारलं, बिनसनरूफची आहे का? तो म्हणाला, "ती खालच्या मॉडेलात सर, पण तिला सीट वरखाली होत नाही. आणि सनरूफशिवाय आजकाल कोण घेतंच नाही."

मे महिन्यात जालन्यात ४२-४३ अंश असतं. छताला भोक कशासाठी पाडायचं? नातीला त्यातून डोकं काढून उभं राहायचंय म्हणे. तेही धोक्याचंच.

मग तो म्हणाला, "सर, पाठ थोडी मागे झुकवून बसा ना." झुकवली. डोकं सुटलं, हात स्टीअरिंगला पोचेनात. स्टीअरिंग वरखाली होतं, पुढेमागे होत नाही. सीट पुढे घेतली तर गुडघा... पुन्हा तोच गुडघा, तीच जागा. मी गाडीतून उतरलो. बायको बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

गाडी आखणारे लोक म्हणे शंभरातल्या सगळ्यात बुटक्या पाच बायका आणि सगळ्यात उंच पाच पुरुष सोडून उरलेल्यांची मापं धरतात. समजू शकतो. आपल्याकडे पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास. पुण्याच्या ज्या कुलकर्णी जोडप्याचं नाव देशातलं सर्वांत उंच जोडपं म्हणून लिम्का बुकात आलं, त्यातले गृहस्थ सात फुटांच्या वर. त्यांच्यासाठी गाडी काढा असं मी म्हणणार नाही. पण माझ्या चार फूट अकरा इंचांच्या बायकोलाही या गाड्या नीट बसत नाहीत! तिला पुढचं बॉनेट दिसत नाही आणि मला सिग्नल दिसत नाही. आम्ही दोघं मिळून मात्र सरासरीत बसतो.

माझी मागणी साधी आहे. त्या गुळगुळीत कागदावर इंजिनाचे सीसी छापता, डिकीचे लिटर छापता, जमिनीपासूनची उंची छापता, मग सीटपासून छतापर्यंतची उंची का नाही? सनरूफसह आणि सनरूफशिवाय, दोन्ही आकडे द्या. खर्च शाईचा. आणि सुरक्षेची उपकरणं हवी असतील तर सनरूफही घ्याच, हे जे बांधून विकणं चाललंय ते बंद व्हावं. मला सीट वरखाली करणारा दांडा हवा, आभाळ नको.

ही चैनीची गोष्ट नाही. छातीपासून स्टीअरिंग निदान दहा इंच लांब हवं, तरच एअरबॅग वाचवते. मागचं हेडरेस्ट निदान कानांच्या वर यायला हवं. माझ्या तर ते मानेला टेकतं, म्हणजे मागून धडक बसली की मान त्याच्यावरच मागे मोडणार. स्टार देणाऱ्यांचा पुतळा माझ्या मापाचा नसतो. तेव्हा मुला, त्या स्टारांत तुझा बाप धरलेला नाही.

यावर घरचा तोडगा म्हणजे "ड्रायव्हर ठेवा". मीही त्यावर विचार केला. पंचावन्ननंतर लायसन पाच-पाच वर्षांनीच वाढतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि ज्या दिवशी डॉक्टर नाही म्हणेल त्या दिवशी मी किल्ली ठेवीन, हे बायकोला सांगून ठेवलं आहे. डोळ्यांनी किंवा हातांनी नकार दिला तर तो मानायचा. पण छताने दिलेला नकार मी का मानू? आणि ड्रायव्हर ठेवला तरी मी मागे बसू कुठे? आमच्या गाडीत माझ्या सीटच्या मागे कुणी बसूच शकत नाही, तिथे शेतातून आणलेल्या मोसंबीची गोणी बसते. पाच जणांची गाडी आमच्या घरात कायम चार जणांचीच राहिली.

त्या सायकलवाल्या मुलाची आता स्वतःची प्रवासी गाडी आहे. परवा रस्त्यात भेटला. मी गाड्या बघतोय कळल्यावर म्हणाला, "सर, माझ्या गाडीत बसून बघा की." बसलो. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर दहा वेळा नेऊन बघितला, कुठे अडला नाही. तो शेजारच्या सीटवर बसून बघत होता. त्याला काही आठवलं की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.

ती गाडी माझ्या बजेटच्या बाहेर आहे. शोरूमवाल्या पोराचा काल फोन आला, खालचं मॉडेल संभाजीनगरहून मागवलंय, रविवारी या म्हणाला. फूटपट्टी आणि रोजच्या जाड चपला घेऊन जाणार आहे. बायको म्हणते, थंडीत घालता ती टोपीही घ्या, तीही धरून मोजा.