‘खातो, पण कामं करतो’

निवडणूक नगरपालिकेची असो, बाजार समितीची असो की दूध संस्थेची, वडगावात चहाच्या टपरीवर दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘खातो, पण कामं करतो’ आणि ‘देवमाणूस आहे, एक पैसा खाल्ला नाही.’ दूध संस्थेत सचिव म्हणून नोकरी केल्यानंतर माझं ठाम मत झालंय, की या दोन्ही वाक्यांनी आपण आपलाच घात करतो.

आमचे एक चेअरमन खरंच देवमाणूस. संस्थेचा चहासुद्धा घेत नसत. पण पशुखाद्य उधार मागायला आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. उधारी दूधबिलातून कापायची असते. म्हैस विकून मोकळ्या झालेल्याचं बिल कुठलं? थकबाकी वाढली, लेखापरीक्षणात वर्ग घसरला आणि त्या दिवाळीला दूधफरक, म्हणजे सभासदांना वर्षाअखेर मिळणारी जादा रक्कम, निघाला नाही. एका म्हशीवर घर चालवणाऱ्या विधवेला मीच ते सांगितलं. चेअरमनांच्या सचोटीने तिच्या पोरांना कपडे आले नाहीत.

पुढचे चेअरमन हुशार. वर्षात वसुली केली, हिशेब लख्ख. फक्त त्यांच्या घरच्या किटलीची फॅट कायम वाढीव लागायची. हे गल्लीत कळलं, तसं चांगलं दूध खाजगी डेअरीकडे वळलं.

नुसती सचोटी पुरत नाही आणि नुसती हुशारीही नाही. कोल्हापूरकरांना तरी हे पटायला हवं, कारण शाहू महाराज आपले. 1894 ला गादीवर आले आणि काही वर्षांतच दुष्काळ व प्लेगला सामोरे गेले. कळवळा त्यांना होताच, पण तेवढ्यावर न थांबता भोगावतीवर राधानगरीचं धरण त्यांनी हाती घेतलं. पैशाअभावी काम रखडलं आणि त्यांच्या पश्चात पुरं झालं, तरी जागा आणि आखणी त्यांच्याच काळातली. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. रयतेवर माया करणारा राजा दंडही लावत होता. आमच्या पहिल्या चेअरमनांना नेमकं हेच जमलं नाही.

म्हणून यंदा मत मागायला येणाऱ्याला वार्षिक सभेत ताळेबंद समजावून सांगायला लावा. आणि त्याच्या घरच्या दुधाची फॅट सगळ्यांच्या देखत काढा.