चौकोन जोडणं म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे?

"हे कसलं प्रोग्रामिंग? हा तर चौकोन जोडायचा खेळ!" ओळखीच्या एका सॉफ्टवेअरवाल्या गृहस्थांनी माझ्या नातवाला हे ऐकवलं आणि पोरानं आठवडाभर 'प्युअर डेटा' उघडलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्युअर डेटा हे आवाज घडवण्याचं मोफत सॉफ्टवेअर. मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत 'मॅक्स' लिहिलं आणि १९९६मध्ये हे. मॅक्स हे नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून. त्यांनी १९५७ साली बेल लॅब्जमध्ये संगणकाकडून संगीत वाजवून घेतलं होतं. म्हणजे घराणं काही कालचं नाही!

यात ओळी लिहायच्या नाहीत. 'ऑस्क' नावाच्या चौकोनात ४४० लिहायचं, त्याची तार गुणाकाराच्या चौकोनात न्यायची, तिथे ०.१ (नाहीतर कान किटतील), तिथून 'डॅक'मध्ये. की स्पीकरमधून ४४० हर्ट्झचा स्वर! आता दुसरा ऑस्क ४४३चा लावा. आवाज सेकंदाला तीनदा चढतो-उतरतो. तंबोरा लावताना कानाला खटकणाऱ्या लहरी त्या ह्याच. आमच्या शाळांतून वारंवारतेची व्याख्या पाठ करून घेतात, ऐकवतं कोण?

मी जन्मभर मराठी व्याकरण शिकवलं. वाक्यपृथक्करणाला फळ्यावर रकाने आखायचो. त्याला कुणी खेळ म्हटलं नाही. नाती दिसावीत म्हणूनच तर रकाने!

आणि हे सोपं आहे असं सांगितलं कुणी? बेरजेच्या चौकोनाला तारा घ्यायच्या दोन जागा असतात. डावी 'गरम', उजवी 'थंड'. थंड जागी आलेला आकडा नुसता जपला जातो. गरम जागी आला की बेरीज होते. दुप्पट करायला एकच आकडा दोन्हीकडे जोडा, पण डावी तार आधी. ५ दिला तर उत्तर ५, मग ६ दिला तर ११! कारण डावीकडे नवा आकडा पोचला तेव्हा उजवीकडे जुनाच होता. चित्रात हा क्रम दिसत नाही. त्यासाठी मध्ये 'ट्रिगर' घालावा लागतो; तो उजवीकडून डावीकडे आकडे सोडतो. हे ज्याला उमगलं त्याला प्रोग्रामिंग येत नाही म्हणायचं?

तारांचा गुंता होतो, हे मान्य. लांबलचक मजकुराची कामं लिहिलेल्या भाषेतच बरी. पण म्हणून मराठी माध्यमाच्या पोरानं आधी दोन वर्षं इंग्रजी ओळी घोकायच्या आणि मग आवाज ऐकायचा, हा कुठला न्याय? ही सोवळ्याओवळ्याची तऱ्हा आहे, दुसरं काही नाही.

असो. प्युअर डेटा साध्या, जुन्या संगणकावरही चालतं. विज्ञानाच्या शिक्षकांनी तासाच्या सुरुवातीला ४४० आणि ४४३ लावून ठेवावेत. हर्ट्झची व्याख्या मागाहून फळ्यावर लिहावी.