८६५ गावे तोंडपाठ, नकाशा मात्र कोरा

सीमाप्रश्नाच्या सभेत ८६५ गावांचा आकडा आला नाही, असे कधी होत नाही. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही चार तत्त्वेही आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहेत. पण दहावीतल्या मुलाला 'सलगता म्हणजे काय, नकाशावर दाखव' असे सांगितले तर तो कशावर बोट ठेवणार? शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा असतो, फार तर कर्नाटकाचा. आपल्याच तालुक्याचा, गावांच्या शिवांसह मराठीत छापलेला नकाशा एखाद्या वर्गात लावलेला मी तरी पाहिलेला नाही. ज्या मागणीत भूगोल एवढा महत्त्वाचा, तिच्या वारसदारांना तो दिसतच नसेल तर उद्या ते बोलणार काय?

एके काळी अडचण खरी होती. सर्वेक्षण खात्याचे नकाशे मिळवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. आज तसे नाही. ऑगस्ट २००९ मध्ये इस्रोने 'भुवन' सुरू केले. पुढे एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमाला धरून विद्यार्थ्यांसाठी 'स्कूल भुवन' आले. २०१७ साली भारतीय सर्वेक्षण खात्याने १:५०,००० प्रमाणाचे नकाशे इंटरनेटवरून मोफत उतरवून घेण्याची सोय केली आणि फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नव्या नियमांनी नकाशा तयार करण्यावरची बरीचशी बंधने उठवली. उपग्रहाची छायाचित्रे, जमिनीच्या उंचीचे आकडे, नद्यांची पात्रे हे सारे संगणकावर फुकट मिळते. क्यूजीआयएससारखे नकाशे जुळवण्याचे सॉफ्टवेअरही फुकट आहे. नाही ती फक्त आपली हालचाल.

याचा शिकवण्यात उपयोग काय, असे कोणी विचारील. खानापूर तालुक्याचेच पाहा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात पोहोचते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे वळून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्र गाठते. एकाच तालुक्यातले पाणी दोन समुद्रांना! उंचीचे आकडे घालून रंगवलेला नकाशा पडद्यावर लावला की मधला पाणलोटाचा कणा मुलांना डोळ्यांनी दिसतो. मग कळसा-भांडुरा प्रकरण काय आहे आणि ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिल्यावर गोवा का चिडला, हे समजावायला वेगळा तास लागत नाही. बेळगावच्या मुलांना मार्कंडेय नदी, राकसकोप तलाव आणि आपल्या नळाचे पाणी यांची सांगड अशीच घालून देता येईल. दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी कोणत्या शेतांत आणि का शिरते, हा तर येळ्ळूर-शहापूरच्या घराघरातला विषय. पाठ्यपुस्तकात तो कधीच येणार नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा. बँकेत पीककर्जासाठी आलेला शेतकरी उतारा पुढे करतो आणि म्हणतो, "साहेब, यात माझं नाव बरोबर आहे का, तेवढं बघा की." स्वतःच्या जमिनीचा कागद त्याला वाचता येत नाही, कारण तो केवळ कन्नडमध्ये असतो. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांवर असेल तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासूनचे संरक्षण आहे. त्यासाठी आपण निवेदने देतो ती परिपत्रकांसाठी आणि फलकांसाठी. पण सरकारी माहिती आता फलकावरून संगणकावर गेली आहे. गावांच्या सीमा, सर्व्हे नंबर, तलाव, रस्ते यांची माहितीही मराठीत उपलब्ध करा, ही मागणी आपल्या निवेदनात कुठे आहे? ३५० अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा म्हणते. शिक्षणाची साधने त्यात येत नाहीत असे मानायचे काय?

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. २००४ पासून चालू असलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या जगभरच्या सामायिक नकाशात प्रत्येक गावाला अनेक भाषांतली नावे जोडता येतात आणि मराठीसाठी स्वतंत्र रकाना आहे. कोणीही खाते उघडून ही भर घालू शकतो. मात्र एक पथ्य पाळावे: कन्नड नाव पुसू नये. ते पुसले की दुसरा येऊन आपले पुसणार आणि दोघांचाही वेळ वाया जाणार. शिवाय ते योग्यही नाही. कन्नड आपल्या मुलांना आलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 'कंग्राळी', 'उचगाव', 'बेक्किनकेरे' ही नावे मराठीत कशी लिहितात, हे नकाशाने सांगायला हवे.

खर्चाचे म्हणाल तर एका सत्कार सोहळ्याच्या मंडपाचा, हारतुऱ्यांचा आणि फलकांचा हिशेब मांडून पाहा. तेवढ्यात एका शाळेला संगणक आणि प्रोजेक्टर येईल. (हा हिशेब मी एका पदाधिकाऱ्यांना करून दाखवला. ते हसले आणि दुसऱ्या विषयावर गेले.) इंटरनेट नसेल तेथे नकाशे आधी उतरवून पेनड्राइव्हवर नेता येतात.

माझी सूचना अशी की, मंडळाने दिवाळीच्या सुट्टीत खानापूर आणि बेळगाव हे दोनच तालुके घ्यावेत. नववीतली मुले, भूगोलाचे एक शिक्षक आणि गावातली दोन-तीन जुनी माणसे एवढी तुकडी प्रत्येक गावाला पुरे. गावाचे नाव, वाड्या, ओढे, तळी, देवळे आणि शिवारातल्या माळांची नावे मुलांनी विचारून लिहून घ्यावीत, जुन्या माणसांनी तपासावीत आणि मगच नकाशावर चढवावीत. माळांची नावे तर आधी घ्यावीत. ती कोणत्याच सरकारी कागदावर नाहीत आणि सांगणारी माणसे सत्तरीच्या पुढे गेली आहेत.